नाबोथाचा मळा परत कोणी केला?

शास्त्रपाठ : १ राजे २१, लेवीय १९:१३-१५, लूक १९:१-१०



नाबोथ इज्रेलकराची गोष्ट आम्हा सर्वांना शब्बाथशाळेपासून ठाऊक आहे. राजवाड्याला लागून त्याचा द्राक्षमळा होता. अहाब राजाला तो भाजीपाल्याच्या बागेसाठी हवा होता. वाडवडिलांचे वतन देण्यास नाबोथाने नकार दिला आणि शेवटी त्याला दगडमार झाली. पण ही गोष्ट मुलांना सांगताना एका बाबीकडे आमचे फारसे लक्ष जात नाही. अहाबाने नाबोथाच्या अंगाला हात लावला नाही. ईजबेलीनेही लावला नाही. तिने पत्रे लिहिली, ती राजाच्या नावाने लिहिली, त्यांवर राजाची मोहोर केली आणि गावच्या वडीलधाऱ्यांकडे पाठवून दिली. उपास जाहीर झाला, सभा बसली, नियमशास्त्राला लागतात तितके, म्हणजे दोन साक्षीदारही मिळाले. कागदोपत्री सारे यथासांग होते. त्या दिवशी इज्रेलात एखादा परका वाटसरू आला असता, तर एका अधर्मी माणसाला योग्य शासन झाले असेच समजून तो पुढे गेला असता.

लेखणी आणि शिक्का यांनी केलेल्या अशा अपराधाला आज आपण 'पांढरपेशा गुन्हा' म्हणतो. ही संज्ञा फार जुनी नाही. एडविन सदरलँड नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी १९३९ साली फिलाडेल्फिया येथील आपल्या भाषणात ती रूढ केली. त्यांचे वडील बाप्तिस्त पाळक व शिक्षक होते, हे सांगितले पाहिजे. आमोस संदेष्ट्याची खोट्या मापांविषयीची वचने त्या घरात नक्कीच वाचली जात असतील. सदरलँड यांचे म्हणणे सरळ होते. गुन्हेगारीचा अभ्यास करणारे विद्वान तुरुंगात जाऊन माणसे मोजतात, तेथे गरीबच सापडतात, म्हणून गुन्हा हे गरिबीचे अपत्य आहे असे ठरवून मोकळे होतात. मोठ्या कंपन्यांचे अपराध तुरुंगापर्यंत पोहोचतच नाहीत. ते चौकश्या, समज आणि दंड यांतच जिरतात. त्यांनी सत्तर मोठ्या कंपन्यांचा इतिहास तपासून १९४९ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, परंतु अब्रुनुकसानीच्या दाव्याच्या भीतीने प्रकाशकाने त्यातील कंपन्यांची नावे गाळावयास लावली. ती छापली गेली १९८३ साली, सदरलँड वारल्यावर तेहतीस वर्षांनी. आमच्याकडे बसस्टँडवर खिसा कापणाऱ्या पोराचे नाव, बापाचे नाव आणि गल्लीसुद्धा दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्रात येते.

आता जवळचे पाहू. आमच्या वाचकांपैकी कित्येक हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहिले आहेत. त्यांना ७ जानेवारी २००९ चा दिवस आठवत असेल. त्या दिवशी सत्यम कंप्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबूल केले की, कित्येक वर्षे कंपनीचे हिशेब फुगवून दाखवण्यात येत होते. बँकांत ५,३६१ कोटी रुपये असल्याचे दाखवले होते. त्यांपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. आदल्या दिवशी सुमारे १७९ रुपयांना असलेला समभाग संध्याकाळी ४० रुपयांवर आला. काही महिन्यांपूर्वीच या कंपनीला उत्तम कारभाराबद्दल पारितोषिक मिळाले होते. ते मागाहून काढून घेण्यात आले. कंपनीच्या नावाचा अर्थ तर मराठी माणसाला सांगण्याची गरज नाही.

लोक संतापले, हे खरे. परंतु त्याच दिवसांत हळहळणारेही कमी नव्हते, आणि ते काही श्रीमंत नव्हते. आमच्या मते ही हळहळ समजण्यासारखी होती. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राजूंच्या पुढाकाराने २००५ साली सुरू झाली. त्यांच्या प्रतिष्ठानने खेड्यांत पाणी, शाळा, दवाखाने यांचे काम केले. हजारो मुलांना त्यांनी नोकऱ्या दिल्या. ज्याच्या आईला मध्यरात्री त्या गाडीने दवाखान्यात पोहोचवले, त्याला सांगा की हा मनुष्य चोर आहे. तो म्हणेल, असेल बापडा, पण त्याने कुणाचे रक्त सांडले? शिवाय, सगळेच करतात, हा सापडला. ही दोन वाक्ये आम्ही रेल्वेच्या डब्यात ऐकली, लग्नाच्या मांडवात ऐकली आणि उपासनेनंतर चर्चच्या आवारातही ऐकली.

एप्रिल २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजू आणि इतर नऊ जणांना दोषी ठरवून सात वर्षांची सक्तमजुरी सुनावली. पुढच्याच महिन्यात वरच्या न्यायालयाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा स्थगित करून जामीन दिला. खटला चालू असताना त्यांनी बरेच महिने तुरुंगात काढले होते, हेही सांगणे न्यायाचे होईल. मग लोकांत वाद सुरू झाला तो वर्षांचा. सात फार की थोडी? पण ज्याने निवृत्तीचे पैसे त्या समभागांत घातले होते त्याचे काय, हे विचारणारा विरळा. अमेरिकेतील गुंतवणूकदारांनी तेथील कायद्याप्रमाणे एकत्र दावा लावला आणि २०११ साली कंपनीने त्यांना साडेबारा कोटी डॉलर देऊन तडजोड केली. आमच्या देशातील लहान भागधारकांना तसा एकत्र दावा लावण्याची कलमे कंपनी कायद्यात आली ती २०१३ साली, म्हणजे वेळ निघून गेल्यावर.

येथे जक्कयाकडे वळू. तो यरीहोचा मुख्य जकातदार, पैसेवाला, आणि लोकांना नकोसा. उंबराच्या झाडावरून उतरून प्रभूला घरी नेल्यावर तो काय बोलला ते लूकाच्या शुभवर्तमानात सावकाश वाचावे. त्याने दोन गोष्टी सांगितल्या, आणि त्या वेगवेगळ्या सांगितल्या. अर्धी मालमत्ता गरिबांना देईन, ही एक. ज्याचे अन्यायाने घेतले असेल त्याला चौपट परत करीन, ही दुसरी. पहिले दान आहे, दुसरे देणे आहे. अर्धी इस्टेट वाटली म्हणून ज्याला नाडले त्याचे देणे फिटले, असे तो म्हणाला नाही. उलट दान देऊन झाल्यावरही देणे उभेच राहते हे त्याला कळत होते. आम्हांला मात्र ते कळत नाही. रुग्णवाहिका एका पारड्यात आणि भागधारकांचे पैसे दुसऱ्या पारड्यात घालून काटा बरोबर झाला, असे आम्ही समजतो. रुग्णवाहिकेतून गेलेली आई आणि पैसे बुडालेला शिक्षक ही दोन माणसे निराळी आहेत.

आणखी एक गोष्ट पाहा. आपणहून अपराध कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यावा, असा नियम गणनाच्या पाचव्या अध्यायात आहे. चौपटीचा नियम निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात आहे, आणि तो आहे मेंढरे चोरून कापणाऱ्यासाठी. जक्कय हिशेबाचा माणूस, त्याला हा फरक माहीत नसेल असे वाटत नाही. आपल्या कचेरीत बसून, सरकारी शिक्क्यानिशी केलेल्या लुबाडणुकीला त्याने स्वतःच मेंढरे चोरणाऱ्याचा दर लावला. आमच्या समाजात ज्याला 'आर्थिक अनियमितता' म्हणतात, त्याला जक्कयाने चोरी म्हटले. तारण त्या घरी आले हे प्रभूने त्यानंतर जाहीर केले.

दुसऱ्या टोकाची माणसेही आमच्यात आहेत. श्रीमंत अपराधी सापडला की त्यांना भर चौकात फाशी हवी असते. न्यूयॉर्कमध्ये बर्नार्ड मेडॉफ याला जून २००९ मध्ये १५० वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा न्यायालयात टाळ्या वाजल्या. २०२१ साली तो तुरुंगातच वारला. १५० वर्षांचा आकडा जगभर गाजला. पण त्या प्रकरणात नेमलेल्या विश्वस्ताने नंतरच्या पंधरा वर्षांत बुडालेल्या लोकांसाठी १,४०० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम एकेका खात्यामागे लागून वसूल केली, त्याला कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लेवीय १९:१५ मध्ये देव दोन्ही बाजूंना अडवतो : न्याय करताना गरिबाची भीड धरू नये आणि थोराचीही धरू नये. त्या माणसाच्या गाडीचा हेवा वाटत होता म्हणून त्याच्या बेड्या पाहून आनंद होत असेल, तर तो न्यायाचा आनंद नव्हे. तुरुंग नको, असे आम्ही म्हणत नाही. जो तराजू मेंढरे चोरणाऱ्यासाठी आहे तोच कचेरीतल्यासाठीही असावा, एवढेच म्हणतो. आमच्या देशातील तुरुंगांत चारांपैकी सुमारे तीन माणसे कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा आहे अशी. त्यांत बहुतेक गरीब. त्यांच्यासाठी मोठे वकील नाहीत, आणि हळहळणारेही नाहीत.

हे सर्व बाहेरच्या जगाचे, असे कोणी म्हणू नये. आमच्या माहितीतील एका मंडळीत एकाच वर्षी दोन प्रकरणे झाली. चर्चमध्ये झाडलोट करणाऱ्या व घंटा वाजवणाऱ्या सेवकाने बायको दवाखान्यात असताना दानार्पणाच्या थैलीतून चारशे रुपये काढले. त्याला सहा महिने प्रभुभोजनापासून दूर ठेवले आणि मंडळीसमोर उभे करून क्षमा मागावयास लावली. आम्ही यालाही नावे ठेवत नाही. शिस्त ती शिस्त. त्याच वर्षी एका पतसंस्थेत लोकांच्या ठेवी बुडाल्या. तिचे एक संचालक त्याच मंडळीचे सभासद. चौकशी चालू असतानाच त्यांनी चर्चच्या छपराचा खर्च उचलला. त्यांचा शाल देऊन सत्कार झाला, नावाची फरशी बसली, आणि "आमच्या बंधूवर आलेल्या संकटासाठी" व्यासपीठावरून प्रार्थना झाली. पुढे कमिटीच्या बैठकीत कोणीतरी म्हणाले की, झाले गेले, ख्रिस्ती या नात्याने आपण सर्वांनी त्यांना क्षमा केली आहे. मिशन दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक नर्सबाई तेथे होत्या. त्यांची सारी पुंजी त्याच पतसंस्थेत होती. त्या म्हणाल्या, "पाळकसाहेब, पैसे माझे गेले. क्षमा तुम्ही सगळ्यांनी कशी केलीत?"

बैठक तेथेच प्रार्थना करून संपवण्यात आली.

बाईंच्या मनात सूड नव्हता. त्या संचालकांना तुरुंगात टाका, असे त्या कधी बोलल्या नाहीत. क्षमा करण्याचा अधिकार त्यांचा होता, आणि तो दुसऱ्यांनी त्यांना न विचारता वापरून टाकला होता, एवढेच त्या सांगत होत्या. सोन्याची अंगठी घातलेल्याला पुढची जागा देणाऱ्या सभेविषयी याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात लिहिले आहे. त्या सभेत क्षमेचीही पुढची रांग असते, हे आम्ही त्या दिवशी पाहिले.

अहाबाने शेवटी पश्चात्ताप केला, हे विसरू नये. एलीयाचे शब्द ऐकून त्याने वस्त्रे फाडली, गोणताट नेसले, उपास केला, आणि देवाने ते पाहून त्याच्या हयातीतील अरिष्ट लांबवले. देवाची दया अहाबापर्यंतही पोहोचते, हे आम्ही आनंदाने सांगतो. पण तो अध्याय शेवटपर्यंत वाचला तरी मळा नाबोथाच्या घरच्यांना परत दिल्याचे कोठे सापडत नाही. गोणताट नेसलेला राजा मळ्याचा मालकच राहिला. पुढे त्याचा पुत्र योराम येहूच्या बाणाने पडतो आणि त्याचे प्रेत एका शेतात टाकले जाते. दुसरे राजे नवव्या अध्यायात त्या शेताचे नाव दिले आहे. इतक्या वर्षांनी, राजाच्या मुलाच्या ताब्यात असतानाही, पवित्र शास्त्र त्याला नाबोथाचेच शेत म्हणते.

पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले आणि ठेवीदाराला प्रथम केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा राहिली, तेव्हा गोवा, गुजरात, मध्य प्रदेश आणि कर्नाटकातील तिच्या शाखांसमोरही रांगा लागल्या. एका बांधकाम कंपनीची थकलेली कर्जे झाकण्यासाठी २१,००० हून अधिक बनावट खाती उघडल्याचा आरोप त्या प्रकरणी नोंदवला गेला. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतच्या ठेवींची सोय झाली. त्यावरील रकमा टप्प्याटप्प्याने, दहा वर्षांपर्यंत मिळावयाच्या आहेत. सत्तरी ओलांडलेल्या ठेवीदाराला दहा वर्षे म्हणजे काय, ते सांगावयास नको. अशी माणसे आपल्या मंडळ्यांत आहेत आणि लाजेने गप्प आहेत. बँकेत नोकरी केलेल्या बंधूंनी त्यांच्या घरी जावे, खात्याला वारसाचे नाव लावले आहे की नाही ते पाहावे, पत्ता बदलला असल्यास अर्ज भरून द्यावा. आणि पाळकसाहेबांनी येत्या रविवारच्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत संकटात सापडलेल्या संचालकांबरोबर त्यांचीही आठवण करावी.