शहाणें बाळ कोणतें?

कोणाच्या घरीं मूल जन्मास आलें म्हणजे शेजारच्या बाया, मंडळींतील भगिनी व कधीं कधीं उपदेशकही बाळ पाहावयास जातात. बाळ कोणाच्या वळणावर गेलें आहे हें सांगून झालें कीं पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "काय ग, रात्रीं निजतें ना? त्रास देत नाहीं ना?" आईनें "सुखानें निजतें" असें म्हटलें तर "मोठें शहाणें बाळ हो!" अशी शाबासकी मिळते. "सारी रात्र जागवितें" असें ती म्हणाली तर "हट्टी दिसतें," "आतांपासूनच मांडीची संवय लावलीस," असा निकाल होतो. ज्या जिवाला अद्याप आपली मान सांवरतां येत नाहीं, त्याच्या स्वभावाचा निवाडा अशा रीतीनें चार रात्रींच्या झोपेवरून होऊन जातो. आणि त्याच्याबरोबर त्याच्या आईचाही होतो.

विषय क्षुल्लक दिसतो खरा, परंतु ह्यांत एक मोठा नैतिक प्रश्न दडलेला आहे. दुसऱ्यापासून कशाची अपेक्षा करण्याचा आपणांस अधिकार आहे? आणि ती अपेक्षा पुरी झाली नाहीं तर त्याला दोष केव्हां देतां येतो?

न्यायाचा साधा नियम असा कीं, जें करण्याची शक्ति ज्याच्या अंगीं नाहीं, तें त्यानें केलें नाहीं म्हणून त्यास दोषी धरूं नये. चार दिवसांचें वांसरूं नांगर ओढीत नाहीं म्हणून कोणी शेतकरी त्याला आळशी म्हणत नाहीं. तो वाट पाहतो. यास्तव मुलावर ठपका ठेवण्यापूर्वीं झोपेच्या बाबतींत त्याची शक्ति किती आहे, हें पाहिलें पाहिजे.

नुकतें जन्मलेलें मूल दिवसाच्या चोवीस तासांपैकीं सुमारें १४ ते १७ तास निजतें. म्हणजे झोपेंत तें कोठें उणें पडत नाहीं. पण ही झोप तुकड्यातुकड्यांची असते. दिवस कोणता व रात्र कोणती हें सांगणारें जें एक घड्याळ मोठ्या माणसाच्या शरीरांत चालत असतें, तें तान्ह्या मुलांत जन्मतः नीट लागलेलें नसतें. पहिल्या दोन-तीन महिन्यांत तें हळूहळू लागूं लागतें. मुलाचें पोट लहान व दूध लवकर जिरणारें. म्हणून दोन-तीन तासांनीं भूक त्याला उठविते. शिवाय झोप ही लाटांसारखी येते. १९५३ सालीं अमेरिकेंतील शिकागो विद्यापीठांत आसेरिन्स्की व क्लाइटमन ह्या संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, झोपेंत अधूनमधून एक निराळी निद्रा येते व तींत मिटलेल्या पापण्यांखालीं डोळे भराभर हालत असतात. तान्ह्या मुलाची जवळजवळ निम्मी झोप ह्या जातीची असते. तींत तें हातपाय हालवितें, कण्हतें, तोंड वेडेंवांकडें करितें. मोठ्या माणसाच्या झोपेची एक लाट सुमारें दीड तासाची असते, तर तान्ह्या मुलाची तासाभराच्या आंतबाहेर. प्रत्येक लाटेच्या शेवटीं आपण सर्वच थोडे जागे होतों. आपण कूस बदलतों, पांघरूण ओढतों व सकाळीं तें विसरून जातों. मुलाला कूस बदलतां येत नाहीं, पांघरूण ओढतां येत नाहीं. त्याला हांक मारतां येते, आणि रडणें हीच त्याची हांक आहे.

लंडनमध्यें १९५७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत मध्यरात्रीपासून पहांटे पांच वाजेपर्यंत न उठणें एवढ्यालाच मूल रात्रीं निजूं लागलें असें मानलें होतें. ह्या हलक्या मापानेंही तीन महिन्यांच्या वयापर्यंत दहांपैकीं सुमारें सातच मुलें तेथवर पोंचलीं. व एकदां निजूं लागलेल्यांपैकीं पुष्कळ मुलें पुढें पुन्हां जागूं लागलीं. कानडा देशांत २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत सहा महिन्यांच्या मुलांपैकीं शेंकडा ३८ मुलें सलग सहा तासही निजत नव्हतीं, आणि वर्षाच्या मुलांतही शेंकडा २८ तशींच होतीं. ह्या जागणाऱ्या मुलांच्या बुद्धींत किंवा हालचालींच्या वाढींत कांहीं उणें आढळलें नाहीं. सारांश, रात्रीं उठणारें मूल हें बिघडलेलें मूल नव्हे. तें वयाप्रमाणें वागणारें मूल होय.

असें आहे तर मुलानें रात्रभर निजावें ही अपेक्षा आली कोठून? ती मुलापासून आली नाहीं. ती आपल्या गरजेंतून आली व आपल्याबरोबर बदलत गेली. न्यूझीलंडांत डॉ. ट्रूबी किंग यांच्या खटपटीनें १९०७ सालीं बालसंगोपनाची एक संस्था निघाली. तिनें स्वच्छतेचें व स्तनपानाचें मोठें काम केलें; पण तिची शिकवण अशी कीं, मुलाला घड्याळाकडे पाहून दूध पाजावें व रात्रीं पाजूंच नये. अमेरिकेंत १९२८ सालीं वॉटसन नांवाच्या मानसशास्त्रज्ञानें तर मुलाचे मुके घेऊं नयेत, सकाळीं फार तर त्याच्याशीं हस्तांदोलन करावें, असा उपदेश छापला. मग १९४६ सालीं त्याच देशांत डॉ. बेंजामिन स्पॉक यांचें पुस्तक निघालें. त्यांनीं आईबापांस सांगितलें कीं, तुम्ही आपल्या समजुतीवर भरंवसा ठेवा व मुलावर मोकळ्या मनानें प्रेम करा. अठरा वर्षांत पुस्तकें उलटीं झालीं. मुलें मात्र पूर्वींच्यासारखींच रात्रीं उठत राहिलीं.

आपल्या देशांत ही अपेक्षा पुस्तकांतून कमी व पोटापाण्याच्या कामांतून अधिक आली. मुंबईच्या गिरण्यांत कामास जाणाऱ्या कित्येक बाया तान्ह्या मुलाला अफूची बारीक गोळी देऊन जात असत. १९३१ सालीं प्रसिद्ध झालेल्या मजूरविषयक रॉयल कमिशनच्या अहवालांत ह्या चालीची नोंद आहे. इंग्लंडांतही एकोणिसाव्या शतकांत कामकरी बाया 'गॉडफ्रेज कॉर्डियल' नांवाचें अफूमिश्रित औषध मुलांस पाजीत. मूल गुंगींत पडे, त्याची भूक मरे, अंग झिजे. कित्येक मुलें त्या झोपेंतून उठलींच नाहींत. त्या आया निर्दय नव्हत्या. मुलाजवळ बसल्या असत्या तर चूल पेटली नसती. परंतु ह्या दुःखद इतिहासांतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे: "शहाणें बाळ म्हणजे गप्प बाळ" हें माप एकदां मान्य केलें, कीं बाळाला गप्प कसें केलें हें कोणी विचारीत नाहीं.

अफूची गोळी गेली म्हणून तें माप गेलें असें समजूं नये. मुलाला झोप यावी एवढ्याचसाठीं सर्दी-खोकल्याचें औषध पाजणारे आईबाप आजही आढळतात. २०२३ सालीं भारताच्या औषध नियंत्रकांनीं सर्दीच्या एका प्रचलित मिश्र औषधावर, तें चार वर्षांखालील मुलांस देऊं नये, असें छापण्याची आज्ञा केली. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. फार शांत बाळ कधीं कधीं आजारी बाळ असतें. नुकतें जन्मलेलें मूल दुधासाठींही जागें होत नसेल, ओढून पीत नसेल, तर त्याला शहाणें म्हणून स्वस्थ बसूं नये. त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें.

थोड्या मोठ्या मुलाविषयीं दुसरा मोह असतो, तो असत्याचा. "नीज, नाहींतर बागुलबोवा येईल," हें वाक्य ऐकलें नाहीं असें आपल्याकडे कोणी नसेल. मूल भिऊन डोळे मिटतें व आपणांस वाटतें कीं काम झालें. पण जें मूल दिवसा "खोटें बोलूं नये" असा धडा आपल्याच तोंडून ऐकतें, त्याला आपण रात्रीं खोटें सांगतों, आणि तेंही अंधारांत, जेव्हां त्याला आपल्या शब्दाचा आधार सर्वांत अधिक पाहिजे असतो. डोळे मिटले म्हणजे भय निजतें असें नाहीं.

येथें कोणी विचारील, "तर मग मुलाला वळण लावूंच नये काय?" अवश्य लावावें, पण वळण व शक्ति ह्यांतील भेद ओळखावा. भूक न लागणें मुलाच्या हातीं नाहीं. परंतु ठरलेल्या वेळीं दिवा मंद करणें, गडबड थांबविणें, हातपाय धुऊन अंगाई म्हणणें, भ्रमणध्वनी दूर ठेवणें हें आपल्या हातीं आहे. तीन ते पांच वर्षांच्या मुलाला दुपारची धरून १० ते १३ तास झोप लागते; म्हणून रात्रीचें भजन लांबलें व तें मांडीवरच निजलें, तर त्याला हालवून उठवूं नये. सहा महिने उलटलेल्या मुलाला आपलें आपण निजण्याची हळूहळू संवय लाविली तर त्याचें नुकसान होतें काय, ह्याविषयीं पुष्कळ वाद आहे. ऑस्ट्रेलियांत अशा मुलांची पांच वर्षांनंतर पुन्हां तपासणी केली, तिचा वृत्तांत २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. तींत टिकाऊ हानि आढळली नाहीं व टिकाऊ लाभही आढळला नाहीं. तेव्हां जी आई ही संवय लाविते तिला कठोर म्हणूं नये, व जी मुलाला कुशींत घेते तिला दुबळी म्हणूं नये.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. "मुलाची शक्ति नाहीं हें कबूल, पण आईची तरी कोठें आहे? पहांटे पाणी भरावयाचें, भाकऱ्या थापावयाच्या, ऊन चढण्यापूर्वीं खुरपावयास जावयाचें. तिनें झोपेची अपेक्षाच करूं नये काय?" करावी, व ती पूर्णपणें न्याय्य आहे. झोंप मिळाली नाहीं तर मन चिडतें, दूध पाजण्याचें बळ सरतें, आणि प्रेमळ हातही रागानें उठतो. अशा वेळीं मुलाला कधींही गदगदा हालवूं नये, त्यानें मेंदूस इजा होऊन प्राणही जातो; त्याला उताणें निजवून चार पावलें दूर जावें व कोणास तरी हांक मारावी.

आणि हांक मारावयाची ती कोणाला, येथेंच ह्या विषयाचें मर्म आहे. आईनें विश्रांति मागितली ह्यांत चूक नाहीं; चूक ही कीं, घरांत जो सर्वांत दुर्बळ त्याच्याकडे आपण ती मागतों. त्याच घरांत धडधाकट बाप भिंतीकडे तोंड करून निजलेला असतो. अंगावर पाजणें त्याला जमणार नाहीं. पण बाळाला खांद्यावर घेऊन अंगणांत फिरणें, दुपटें बदलणें, पहांटे चूल पेटविणें हें त्याला जमतें. सासूला दुपारीं पाळण्याची दोरी धरतां येते. शेजारणीला एक घागर पाणी आणून देतां येतें. पूर्वीं मुलें सुखानें निजत असें आपल्या आज्या सांगतात. त्यांच्या घरांत पाळणा हालविणारे चार हात होते, हें सांगावयास त्या विसरतात. आज पुष्कळ घरांत दोनच हात उरले आहेत, व बाकीच्या दोहोंचें काम आपण नकळत बाळाच्या स्वभावावर टाकिलें आहे.

म्हणून मंडळींतील वडील माणसांस व उपदेशक बंधूंस एवढीच विनंति आहे. पुढच्या खेपेस बाळ पाहावयास जाल तेव्हां बाळाच्या शहाणपणाची चौकशी करूं नका. आईला विचारा, "बाई, तुला निजावयास मिळतें काय?" बापाला विचारा, "दादा, रात्रीं कितीदां उठलां?" आणि उत्तर ऐकून नुसतें "बरें" म्हणून उठूं नका. बाळाला तासभर मांडीवर घ्या, आणि त्या बाईला निजूं द्या.