स्वस्त दिवा आणि सार्वजनिक विवेक

पिंपरी-चिंचवड येथे 1970 साली नगरपालिका व 1982 साली महानगरपालिका झाली. रस्त्यांबरोबर दिव्यांचे खांबही वाढत गेले. सार्वजनिक खरेदीत सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारावी, हा आपल्याकडील सामान्य दंडक आहे. त्याची थट्टा करणे सोपे. परंतु पैसा लोकांचा असता वशिल्याला अडविणारा तो एक बांध आहे, हे विसरून चालणार नाही.

तथापि कमी दर म्हणजे कमी खर्च नव्हे. एलईडी दिव्याचे आयुष्य 50,000 तास सांगतात. रात्री 12 तास जळणारा दिवा त्या हिशेबाने 11 वर्षे टिकावा. पुष्कळदा मात्र प्रकाश देणारा भाग शाबूत असतो आणि विजेचे नियमन करणारा ड्रायव्हर आधी निकामी होतो. दिवा उघडता आला तर तेवढाच भाग बदलतो. कायमचा बंद केलेला असला तर सबंध दिवा भंगारात जातो. नवा येईपर्यंतचा अंधार चाकणची रात्रपाळी संपवून भोसरीकडे परतणाऱ्या कामगाराच्या वाट्यास येतो, आणि त्याची किंमत कोणत्याही निविदेत मांडलेली नसते.

आमच्या मते दंडक राहू द्यावा. मोजमाप तेवढे बदलावे. खरेदी, वीज, सुटे भाग व दुरुस्ती मिळून 10 वर्षांचा खर्च धरावा, आणि दिवा साध्या हत्यारांनी उघडला पाहिजे ही अट निविदा मागवितानाच जाहीर करावी. म्हणजे वशिल्यास वाव न देताही विवेक राखता येईल. विश्वस्ताने आजची बचत दाखवून उद्याच्या करदात्यावर बोजा टाकावा, यास काटकसर हे नाव शोभत नाही.