कोंबडी, अंडी आणि व्हेंटिलेटर

अतिदक्षता विभागाबाहेरचं बाकडं. हातात संमतीपत्र, शेजारी न उघडलेला डबा. डॉक्टर विचारतात, "वडिलांना व्हेंटिलेटर लावायचा का?" वय ८६, बरं होण्याची आशा जवळजवळ नाही. मुलाच्या मनात एकच काटा: नको म्हटलं, तर आपणच त्यांना मारलं असं होईल का?

कॅथलिक नीतिशास्त्रात हा विचार फार जुना आहे. सोळाव्या शतकात स्पेनमधल्या सालामांका विद्यापीठात फ्रान्सिस्को दे व्हितोरिया हे डोमिनिकन धर्मगुरू शिकवत. त्यांचं म्हणणं असं, की वैद्याने कोंबडी खायला सांगितली आणि रोग्याने अंड्यांवर भागवलं, तर ते पाप नव्हे. कोंबडीने आयुष्य वीस वर्षांनी वाढणार असलं तरीही. जीव जपणं कर्तव्य खरं, पण त्यापायी घरदार फुंकून टाकावं असं नाही.

२४ नोव्हेंबर १९५७ रोजी पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना हाच धागा पुढे नेला. साधारण उपाय करणं बंधनकारक. स्वतःवर किंवा इतरांवर जड भार टाकणारे उपाय नव्हेत. मात्र जीव घेण्यासाठी सुई टोचणं चर्चला मान्य नाही. मरण आणणं वेगळं, मरण येऊ देणं वेगळं.

आणि येऊ देणं म्हणजे पाठ फिरवणं नव्हे. वेदना शमवायच्या, कोरडे ओठ ओल्या कापसाने टिपायचे, हात हातात धरून बसायचं. उपचार थांबतात, सेवा थांबत नाही.