बांध आणि जहाज

मेजावर दोन खातेउतारे शेजारी शेजारी पडले आहेत, एक कॉर्पोरेट बाँड फंडाचा आणि दुसरा ग्लोबल ग्रोथ फंडाचा. पहिल्याची एनएव्ही दशांशचिन्हापुढच्या तिसऱ्या-चौथ्या आकड्यात हळूच कूस बदलते. दुसऱ्याची मात्र आपण झोपेत असताना न्यूयॉर्कच्या मर्जीने उसळते किंवा कोसळते. तुलना करायची तर परताव्याचे तक्ते मांडावेत, अशी रीत आहे; पण माझे मन तिथे रमत नाही, ते सतराव्या शतकातल्या हॉलंडकडे ओढ घेते.

येल विद्यापीठाच्या संग्रहात बकरीच्या कातड्यावर लिहिलेला १६४८ सालचा एक कर्जरोखा आहे. लेक नदीचा बांध राखणाऱ्या मंडळाने हजार गिल्डर घेतले आणि निरंतर व्याज देण्याचे लिहून दिले; मुद्दल फेडण्याची तारीख त्यात नाहीच. त्याआधी, १६०२ साली, त्याच देशातल्या डच ईस्ट इंडिया कंपनीने समभाग विकून मिरी, लवंग, जायफळ यांच्या मोहाने पूर्वेकडे जहाजे हाकारली होती. तिची एक वखार आपल्या वेंगुर्ल्यातही उभी राहिली. आज ती पडझडीला आली आहे. बांधाला पैसे देणाऱ्याचे मागणे एवढेच, की उद्याचा दिवस आजच्यासारखा उगवावा. जहाजाला देणाऱ्याला मात्र क्षितिजापलीकडचे, अद्याप नाव नसलेले काही हवे होते. धनकोला फार तर काय मिळेल? ठरलेले तेवढेच. कमीत कमी? ठरलेलेही नाही.

परंतु फंड नावाच्या आधुनिक युक्तीने या दोन्ही वृत्तींना एकेका सत्यापासून दूर नेले आहे, असे मला वाटते. बांधाचा तो रोखा अपवाद; एरवी रोख्याला मुदत असते, त्या दिवशी हिशेब मिटतो. बाँड फंडात एक रोखा मिटला की त्याच्या जागी दुसरा येतो, हिशेबाचा दिवस उगवतच नाही, आणि व्याजदर एका टक्क्याने चढले तर चार वर्षांच्या ड्युरेशनचा फंड साधारण चार टक्क्यांनी उतरतो. सेबीच्या नियमानुसार त्यातला किमान ८० टक्के पैसा एए प्लस वा त्याहून वरच्या मानांकनाच्या रोख्यांत असतो खरा. पण २०१८ साली आयएल अँड एफएस या वित्तसंस्थेचे मानांकन ट्रिपल एवरून डीपर्यंत किती झपाट्याने घसरले, हे ज्याने पाहिले, त्याला ती अक्षरे शिलालेखासारखी वाटत नाहीत.

ग्रोथ फंडात दडून राहतो तो मृत्यू. हेंड्रिक बेसेम्बाइंडर या अभ्यासकाने दाखवून दिले, की १९२६ पासून अमेरिकी समभागांनी ट्रेझरी बिलांहून जी अधिकची संपत्ती निर्मिली, ती सारी जेमतेम चार टक्के कंपन्यांची. उरलेल्या सगळ्या मिळून ट्रेझरी बिलांइतक्याच भरल्या. फंडाचा व्यवस्थापक मावळत्या कंपन्यांना मुकाट्याने यादीबाहेर काढतो, आणि गावाबाहेरच्या स्मशानाकडे पाठ करून बसलेल्या माणसासारखे आपण उगवत्यांचीच नावे वाचत राहतो.

डच ईस्ट इंडिया कंपनी १७९९ च्या अखेरीस विसर्जित झाली. बकरीच्या कातड्यावर व्याजाच्या नोंदी करायला १९४४ साली जागाच उरली नाही, तेव्हा त्याला एक कागद जोडण्यात आला. २०१५ साली तोच कागद हॉलंडला नेऊन येलने बारा वर्षांचे व्याज वसूल केले. एकशे छत्तीस युरो आणि वर वीस सेंट.