परतीच्या वाटेची शिदोरी

माघातल्या गारठ्यात सदाशिव पेठेतून पहाटे निघालं, की उजाडता उजाडता सोलापूर रस्त्यावरच्या कवडीपाटला पोचता येतं. मुळा-मुठेच्या पाण्यात चक्रवाक असतात. रुंद चोच पाण्यावर फिरवत थापट्या बदकं चरत असतात. एकेकाळी अशाच थंडीत शिकारी बंदूक आणि कुत्रा घेऊन पाणवठे गाठत. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही थांबली. पण मोकळा सोडलेला कुत्रा आजही अख्खा थवा उठवतो. हंगाम सरताना ही पाखरं अंगात चरबी साठवतात. हिमालयापलीकडे जायची तीच त्यांची शिदोरी. घाबरून घेतलेली प्रत्येक भरारी ती खर्ची घालते. पाण्याकाठी कुत्र्याची साखळी हातात धरणं, ही आजच्या काळातली भूतदया आहे. ती आपण सगळे पाळू या.