पोट आणि प्राण

शिपाई पोटासाठीं पलटणींत जातो. मग त्याच्या मरणास त्याग कां म्हणावें, असा प्रश्न कांहीं विचारी माणसें करितात. प्रश्न कठोर आहे, म्हणूनच तो टाळूं नये असें आम्हांस वाटतें.

१२ एप्रिल २०१६ रोजीं लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. त्याच वर्षीं २९ नोव्हेंबरास शेजारच्या नांदेड जिल्ह्यांतील जानापुरीचे लान्स नाईक संभाजी कदम, मराठा पायदळाचे, जम्मूजवळ नगरोटा येथील दहशतवादी हल्ल्यांत ऐन उमेदींत कामीं आले. त्या दिवशीं सात सैनिक गेले; अडकून पडलेलीं सोळा माणसें, त्यांत दोन स्त्रिया व दोन मुलें, सुखरूप बाहेर आलीं.

जेथें आभाळ दगा देतें, तेथें तरुणांनीं पगाराची वाट धरावी यांत लाज कसली? परंतु पगारानें विकत काय मिळतें? याच पायदळांतून घडलेल्या दुसऱ्या छत्रीधारी पलटणीनें ११ डिसेंबर १९७१ रोजीं, तेव्हांच्या पूर्व पाकिस्तानांत, टांगाइलजवळ विमानांतून उड्या घेतल्या. वेतन माणसास विमानाच्या दारापर्यंत नेतें. बाहेर पाऊल ज्याचें त्यानेंच टाकावयाचें असतें. पाठीशीं हुकूम असतो, हें खरें. पण भय हुकुमास वाटत नाहीं, माणसास वाटतें.

तेव्हां शिपायाचा त्याग भरतीच्या दिवशीं नव्हे, कसोटीच्या क्षणीं तोलावा. वेतन चुकतें झालें म्हणजे ऋण फिटलें, असें म्हणण्याचा अधिकार वांचलेल्यांस नाहीं; आणि हुतात्म्याची थोरवी गाऊन त्याच्या मुलखांतील कोरड्या विहिरींचा जाबही आपणांस चुकवितां येणार नाहीं.