नातीचं अक्षर

जुन्नर तालुक्यातल्या बोरी बुद्रुकला कुकडीकाठी राखेचा एक थर सापडतो. सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीची ही राख प्राचीन काळी समुद्रापलीकडून इथवर आली आणि इथल्या मातीत मुरली.

आता समजा, याच गावातल्या एका आजीची नात तशीच समुद्रापलीकडे, जपानात वाढते आहे. आजी तिच्यासाठी कांजी या जपानी लिपीतलं एकच अक्षर शिकायला बसते: 'मागो'. मागो म्हणजे नातवंड. नातू असो वा नात, शब्द एकच. अक्षर दहा रेघांचं. डावीकडे मूल, उजवीकडे वंशाचा धागा. मूल आणि धागा शेजारी आले, की झालं नातवंड!

आजी पाटीवर गिरवते. रेघ वाकडी जाते, ती पुसते, पुन्हा काढते. मग तिच्या ध्यानात येतं, आपल्याकडेही 'नात' आणि 'नातं' यांत फरक फक्त एका टिंबाचा!

आपलं माणूस दूर गेलं, की आपण विचारतो, "मराठी विसरली नाहीस ना?" कधीतरी उलटही करून पाहावं. तिच्या भाषेतलं एक अक्षर आपण गिरवावं. टिंब आपण द्यावं, धागा तिनं धरावा.